अदलाबदल केलेल्या चार खुंट्या

संपादकांचा फोन आला. म्हणाले, नोकरीतल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं लागतं. गमती माझ्याकडे भरपूर आहेत. शेती संशोधन केंद्रावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला गमतींचा तुटवडा पडत नाही. तिथं गंभीरपणे केलेली प्रत्येक गोष्ट दहा वर्षांनी आपोआप गंमत होते. त्यातल्या काही देतो. पण त्यांच्या मागोमाग एक अशी गोष्ट येईल, जी मी नोकरीत असताना कुणाला सांगितली नाही, निरोपाच्या भाषणात सांगितली नाही आणि घरीही सांगितली नाही. ती हलकी लागली नाही तर संपादकांनी समजून घ्यावं.

आमचं केंद्र हिंगोली जिल्ह्यातलं, लहानसं. दोन साहेब, एक कारकून, एक शिपाई आणि मी, शेत सहायक. माझं मुख्य काम खुंट्या ठोकण्याचं. प्रत्येक खुंटीला पत्र्याची पाटी, पाटीवर आकडा, आणि कोणत्या आकड्याचं बियाणं रानात कुठं पडायचं ते माझ्या नकाशावर. आजूबाजूच्या गावांत मला खुंटीवाले साहेब म्हणत. साहेब हा शब्द त्यांच्या मनाचा मोठेपणा.

हे काम काय असतं ते आधी सांगतो. नवा वाण जुन्यापेक्षा चांगला आहे का, एवढाच प्रश्न. दोन्ही शेजारी शेजारी पेरा, माप घ्या, झालं. इतकं सोपं असतं तर आमच्या केंद्राची गरजच पडली नसती. अडचण अशी की रान एकसारखं नसतं. एका कोपऱ्यात मागल्या साली मेंढरं बसवलेली असतात, तिथं काहीही पेरलं तरी पीक माजतं. दुसरीकडं बांधावरची बाभूळ सगळा ओलावा ओढून घेते. तिसरीकडं आजोबांच्या काळी उकिरडा होता, आणि ती जागा अजून पोसते आहे. आता या रानात तुम्ही स्वतः जागा ठरवून वाण पेरलेत, तर तुमचा लाडका वाण मेंढरांच्या जागी जाणार आणि नावडता बाभळीखाली. तुम्ही बेइमान आहात म्हणून नव्हे. तुम्हाला डोळे आहेत म्हणून.

माझे पहिले साहेब, त्यांना मी जुने साहेब म्हणतो, हे फार छान समजावून सांगत. शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत भलेभले शास्त्रज्ञही वाण ओळीनं मांडायचे, एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक, दोन, तीन, चार. काहींनी बुद्धिबळातल्या घोड्याची अडीच घरांची चाल लावली, म्हणजे सगळे वाण रानभर सारखे पसरतील. दिसायला फार सुंदर. मग इंग्रजांच्या मुलखातल्या एका जुन्या शेती केंद्रावर एक जाड चष्म्याचा गणिती आला आणि म्हणाला, हे सगळं बंद करा. जागा माणसानं ठरवायचीच नाही. चिठ्ठी काढा. चिठ्ठीला लाडका वाण नसतो.

त्याच गणित्याची चहाची गोष्ट साहेब दरवर्षी सांगत. केंद्रावरच्या एक बाई म्हणाल्या, कपात आधी दूध घातलंय की आधी चहा, ते मला चवीवरून कळतं. इतर लोक हसले असते. या गृहस्थानं आठ कप मांडले, चार असे, चार तसे, आणि क्रम नशिबावर सोडला. बाईंना खरंच कळतं की त्या अंदाज मारतात, ते त्याशिवाय कळणार नाही म्हणाला. आमचा शिपाई किसन यानंही ही गोष्ट एकदा शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाला, "साहेब, आपल्याकडं दूध, पाणी, साखर, पत्ती एकदमच उकळतेत. त्या बाईला हिंगोलीत आणलं असतं तर शास्त्र तिथंच बंद पडलं असतं."

जुन्या साहेबांनी चिठ्ठ्यांच्या जोडीला एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. आत फक्त आकडे, पानंच्या पानं, कशाचा कशाला संबंध नाही. मुद्दाम तसं बनवलेलं. डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं आणि तिथून पुढच्या आकड्यांप्रमाणे वाण मांडायचे. एकदा वरून एक अधिकारी तपासणीला आले. त्यांनी ते पुस्तक चाळलं, मान डोलावली आणि विचारलं, याचा मराठी अनुवाद झालाय का? कारकुनानं तसा प्रस्ताव पाठवला. तो मंजूर झाला की नाही हे मला माहीत नाही, पण नामंजूर झाल्याचंही कधी कळलं नाही.

पुढं त्या पुस्तकाची शिवण एका जागी तुटली. त्यामुळं डोळे मिटून उघडलं की ते त्याच पानावर उघडायचं आणि बोटही सवयीनं तिथंच पडायचं. कितीतरी हंगाम आमच्या ज्वारीचं, हरभऱ्याचं आणि करडईचं नशीब अगदी एकसारखं निघत होतं आणि कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. जुन्या साहेबांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी ते पुस्तक कपाटात टाकून कुलूप लावलं. म्हणाले, आपल्यासारख्यांना चिठ्ठ्याच बऱ्या. मग चिठ्ठ्या टाकायला एक दुधाची किटली आली आणि शेवटपर्यंत टिकली.

चिठ्ठी निघाली म्हणजे काम संपलं, असंही नसे. पुसेगावकडच्या एका शेतकऱ्याच्या रानात आम्ही सोयाबीनची चाचणी घेतली. सहा तुकडे, तीन त्याच्या घरच्या बियाण्याचे, तीन केंद्राच्या. चिठ्ठीनं मांडणी चोख झाली. काढणीला केंद्राच्या तुकड्यांनी असं काही उत्पन्न दिलं की साहेबांनाच शंका आली. खोदून विचारलं तेव्हा कळलं की पाऊस ताणला त्या दिवसांत त्या भल्या माणसानं फक्त आमच्या तीन तुकड्यांना विहिरीचं पाणी दिलं होतं. साहेब संतापले. तो शेतकरी शांतपणे म्हणाला, "साहेब, घरचं बी घरचं हाय, ते कसंबी निभावतंय. तुमचं बी पाव्हणं. पाव्हण्याला आधी वाढावं लागतं." सगळ्या जगात चाचण्या फसवणुकीनं बिघडत असतील, आमच्याकडं आदरातिथ्यानंही बिघडत. त्यानंतर कोणत्या पाटीखाली कोणतं बियाणं, हे आम्ही रानमालकाला सांगायचं बंद केलं.

नरसीजवळचे दाजीबा तर चिठ्ठ्या काढायच्या आधी हातपाय धुऊन आले. किटलीला हळदकुंकू लावलं, पुढं सुपारी ठेवली. त्यांना वाटलं आपण कौल लावतोय. चिठ्ठ्या निघाल्या आणि त्यांचं घरचं बियाणं मुरमाड टोकाला गेलं. दाजीबा म्हणाले, "ह्यो कौल खरा न्हाई. पुन्हा काढा. देवाला बी तीनदा इचारतेत." परतीच्या वाटेवर जीपमध्ये आम्ही पोट धरून हसलो. हवा तो कौल येईपर्यंत चिठ्ठ्या काढणारा शेतकरी, किती अडाणी.

जुने साहेब बदलून जाताना मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, चिठ्ठी निघणं आणि खुंटी ठोकली जाणं, यांच्यामधल्या वेळात सगळी लबाडी होते. माणसांवरच्या औषधांच्या चाचण्यांत हीच पद्धत गेली, तिथं कुणाला कोणतं औषध द्यायचं ते बंद पाकिटात असायचं. शिकलेसवरलेले डॉक्टरही ती पाकिटं दिव्यापुढं धरून आत काय आहे ते बघायचे. "त्या मधल्या वेळेचे राखणदार तुम्ही," असं ते मला म्हणाले. मला तेव्हा बरंच मोठं झाल्यासारखं वाटलं.

आता ती गोष्ट.

वीसेक वर्षं झाली असतील. शिरड शहापूरच्या अलीकडं एक फाटा आहे, तिथून आत कौशल्याबाईंचं गाव. चार एकरांचं रान. त्यात विहिरीकडचा एक तुकडा असा की तिथं तूर फुलावर आली की उभीच्या उभी वाळायची. याला मर म्हणतात. मातीतली बुरशी मुळातून वर चढते आणि झाडाच्या नळ्या बंद करते. वरून पाणी घाला नाहीतर औषध मारा, झाड जातंच. एका साली त्या तुकड्यात सगळी तूर गेली आणि सात झाडं हिरवी राहिली. बाईंनी त्या सात झाडांचं बी वेगळं काढलं, राख लावून गाडग्यात ठेवलं आणि पुढच्या साली मुद्दाम त्याच तुकड्यात पेरलं. जगली त्यांचं बी पुन्हा वेगळं. असं वर्षानुवर्षं. आमच्या केंद्रात यालाच वाण निवड म्हणतात आणि त्याला पगार असतो.

एक दिवस बाई ते बी फडक्यात बांधून केंद्रावर आल्या. नवे साहेब बैठकीत होते, म्हणून माझ्याशी बोलल्या. "भाऊ, ही तूर मरत न्हाई. म्हंजी मला वाटतं मरत न्हाई. पण मपल्या वाटण्याला काय करायचं? मपलंच लेकरू मला गोरं दिसणार. तुमी तपासून बगा."

माझ्या सगळ्या नोकरीत स्वतःच्या वाणाबद्दल असं बोललेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. साहेबलोकांत तर नाहीच.

नवे साहेब म्हणजे जुन्या साहेबांनंतर आलेले. त्यांनी स्वतः एक तुरीचा वाण तयार केला होता आणि त्याच्या रोपाजवळून जाताना ते नकळत त्याला थोपटत. त्या वर्षी वरून परिपत्रक होतं की चाचणीत शेतकऱ्याचाही एखादा वाण घ्यावा. कौशल्याबाई आयत्याच सापडल्या. सहा वाण ठरले. साहेबांचा दोन नंबर, बाईंचा पाच नंबर, बाकीचे चार इकडचे तिकडचे. केंद्राचं एक रान मर रोगासाठीच राखलेलं होतं, तिथं तीन पट्टे पाडायचे आणि प्रत्येक पट्ट्यात सहाही वाण एकेकदा, चिठ्ठीनं.

त्या रानाला एक खोड होती. रस्त्याकडून नाल्याकडं उतार, आणि नाल्याकडच्या टोकाला मोठा पाऊस झाला की तीन-चार दिवस पाणी साचायचं. तुरीला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. मुळं कुजतात, मग वाण कोणताही असो. जुने साहेब असते तर पट्टे आडवे पाडायला लावले असते, म्हणजे पाण्याचा मार एका पट्ट्यातल्या सगळ्यांना सारखा बसला असता. नव्या साहेबांनी ट्रॅक्टर वळवायला सोपं म्हणून उभे पाडले. प्रत्येक पट्ट्याचं शेवटचं टोक पाण्यात.

चिठ्ठ्या काढायच्या दिवशी साहेबांनी वार्ताहर बोलावला. चिठ्ठी शेतकरी महिलेच्या हातून, असा फोटो हवा होता. कौशल्याबाईंनी किटलीत हात घालायच्या आधी मला विचारलं की हे असं काहून करतेत. मी समजावलं की जागा कुणी निवडायची नाही म्हणून. तुमचा हात म्हणजे आत्ता कुणाचाच हात नाही.

"म्हंजी यात वशिला चालत न्हाई," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, नाही. मी म्हणालो तेव्हा ते खरं होतं. साधारण साडेचारपर्यंत खरं राहिलं.

बाईंनी कुणी न सांगता डोळे मिटले आणि अठरा चिठ्ठ्या काढल्या. मी पेन्सिलीनं नकाशा भरत गेलो. पहिल्या पट्ट्यात दोन आणि पाच दोन्ही मधोमध आले. दुसऱ्या पट्ट्यात साहेबांचा दोन नंबर पार तळाला, नाल्याला लागून. बाईंचा वरून दुसरा. तिसऱ्यातही दोन नंबर तळाला आणि पाच नंबर सगळ्यात वर. फोटो झाले, बाई चहा घेऊन गावी गेल्या. साहेबांनी नकाशा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"दोनदा तळाला?" ते म्हणाले. "चिठ्ठ्या नीट मिसळल्या नव्हत्या वाटतं. बघा जरा. तुम्ही जुने आहात, तुम्हाला काय सांगायचं." आणि जीपमध्ये बसून हिंगोलीला गेले.

मला साहेबांवर सगळं ढकलायला आवडेल. वीस वर्षं मी मनात तेच करत आलो. पण त्यांनी आदेश दिला नव्हता. माझी बढती अडलेली नव्हती, बदलीची भीती नव्हती, कुणी धमकावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची भुवई वर जाऊ नये, एवढ्यासाठी मी ते केलं. शिवाय कारणही तयार होतं. दोनदा तळाला येणं म्हणजे मिसळण्यात चूक झाली. खरी सरमिसळ डोळ्याला कधीच नीटनेटकी दिसत नाही, एकच वाण दोनदा काय, तीनदाही एका जागी येऊ शकतो, हे मला जुन्या साहेबांनी शिकवलेलं होतं. त्या दिवशी ते सोयीनं आठवलं नाही. मी शाईनं नवा नकाशा काढला. दुसऱ्या पट्ट्यात दोन आणि पाचची अदलाबदल, तिसऱ्यातही तीच. दुसऱ्या दिवशी चार खुंट्या नव्या जागी माझ्या हातानं ठोकल्या आणि पेरणी झाली. दाजीबांनी निदान सुपारी ठेवली होती.

त्या साली गौरी-गणपतीच्या सुमाराला जोराचा पाऊस झाला. नाल्याकडच्या टोकाला पाणी साचलं. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात कौशल्याबाई आपली तूर बघायला आल्या, भाकरी बांधून. तीनपैकी दोन तुकड्यांत पाच नंबर जवळजवळ साफ झाला होता. पाण्यानं मेलेलं झाड आणि मर लागून मेलेलं झाड वहीत सारखंच दिसतं; मेलेलं म्हणून एक आकडा. खोड उभं चिरून पाहिलं तर फरक कळतो, मर असेल तर आत काळी रेघ दिसते. खोड चिरून पाहा, असं कुणी म्हटलं नाही. चाकू माझ्या खिशात होता.

बाई त्या वाळलेल्या झाडांपुढं उभ्या राहिल्या. विचारलं, ही मपलीच का? मी पाटी दाखवली. त्या म्हणाल्या, "मग मपलीच. मपल्याच हातानं आलेली हाय." आणि भाकरी न सोडता परत गेल्या.

अहवालात पाच नंबर शिफारसयोग्य नाही असं गेलं. दोन नंबर जिल्ह्यासाठी शिफारस झाला, साहेबांचा सत्कार झाला, साहेब वर गेले. पुढं काही वर्षं शेतकरी दोन नंबरची वाळलेली झाडं मुळासकट उपटून आमच्या टेबलावर आणून टाकत. तुम्ही बियाण्याला औषध चोळलं नसेल, असं सांगायचं आमच्यात ठरलेलं होतं. मीही सांगत असे. चांगल्या आवाजात.

मी निवृत्त झालो. पेन्सिलीचा तो मूळ नकाशा मी का जपून ठेवला, ते मलाही नीट सांगता येणार नाही. फाडायचं धाडस नव्हतं आणि दाखवायचंही नव्हतं, एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात किसनच्या नातीचं लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत एक म्हातारी माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "वळखलं का भाऊ?" कौशल्याबाई. मी ओळखलं. त्यांनी सोबतच्या बायकांना माझी ओळख करून दिली, आणि ती ओळख मी मरेपर्यंत विसरणार नाही. "ह्या भाऊनं मपला भरम काढला. मी लई साल समजून बसले व्हते की मपली तूर मरत न्हाई. यांनी मपल्याच हातानं चिठ्ठ्या काढायला लावल्या, कुणाचा वशिला न्हाई, काही न्हाई, अन् दाखवून दिलं. असं खरं बोलणारं माणूस पायजे."

मी विचारलं, मग ते बी?

"भरडलं की. डाळ केली. बरी लागली," त्या हसून म्हणाल्या.

एखाद्या लबाडानं त्यांना फसवलं असतं तर त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता आणि गाडगं शाबूत राहिलं असतं. त्यांचा विश्वास चिठ्ठीवर बसला. मीच बसवला होता. लग्नात तिसऱ्यांदा कुणीतरी जिलेबी वाढायला आलं आणि मी ती खाल्लीही. पण पुढच्या आठवड्यात नकाशा खिशात घालून त्यांच्या गावी गेलो.

अंगणात त्या भुईमुगाच्या शेंगा निवडत होत्या. सुनेनं चहा ठेवला. चहा येईपर्यंत मी सांगून टाकलं, सगळं, तारखेवार सांगतात तसं. साहेबांचं वाक्यही सांगितलं आणि तो आदेश नव्हता हेही सांगितलं. बाई शेंगा निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो कागद वाचा."

मी पेन्सिलीचा नकाशा वाचला. त्यांनी एकेक तुकडा विचारून घेतला. दुसऱ्या पट्ट्यात मपली कुठं व्हती, वर का खाली, तिथं पाणी येत व्हतं का. तिसऱ्यात कुठं. दोनदा वाचायला लावला.

"म्हंजी मपली तूर मरती का न्हाई, हे त्या साली कळलंच न्हाई," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, नाही कळलं. कदाचित मर लागून मेलीही असती. कदाचित नसती. मी ते कळू दिलं नाही.

मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर शिव्या देतील. दोन्हींची मी तयारी करून गेलो होतो. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तुमी मला सांगितलं, ते झालं. पण मी चौघींना सांगून बसले. त्यांच्या घरी बी मपलं बी व्हतं. मी म्हणलं, बायांनो, भरडा, खोटं निघालं. आता तुमी चला अन् त्यांना सांगा. मी न्हाई सांगणार. तुमीच सांगा."

मग दुपारच्या उन्हात एक म्हातारी पुढं आणि मी मागं, असे आम्ही गावात फिरलो. चार दारांत उभं राहून मी तेच चारदा सांगितलं. पहिल्या घरी त्या बाई वारल्या होत्या, मुलाला सांगितलं. त्याला काही कळलं नाही, तो मला बसा म्हणाला. दुसऱ्या घरच्या बाईंनी तोंडावर पदर घेऊन हसू दाबलं. तिसरीनं विचारलं की ह्याचे काही पैसे मिळणार का. मी नाही म्हटल्यावर तिची उत्सुकता संपली.

चौथं घर शेवंताबाईंचं. वय सत्तरीपुढं, आवाज सगळ्या गल्लीला पुरेल असा. माझं सांगून व्हायच्या आधीच त्या कौशल्याबाईंकडं वळल्या. "मी तवाच म्हणलं व्हतं तुला. म्हणलं व्हतं का न्हाई? किटली सरकारची, हात तुझा, अन् पाट्या ठोकणारा बाप्या तिसराच. हात तुझा धरून काय करतीस, पाट्या कोण ठोकून राहिलं ते बग."

जाड चष्म्याच्या गणित्याला, औषधांची पाकिटं बनवणाऱ्यांना आणि जुन्या साहेबांना जे ओळखायला वेळ लागला, ते या बाईंनी उंबऱ्यावर बसल्या जागी ओळखलं होतं.

"मग बी भरडलं न्हाईस?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"काहून भरडू? मला काय येडं लागलं का?"

दरवर्षी बांधाच्या कडेनं चार तासं, म्हणजे चार ओळी, एवढीच त्यांची तूर. बाकी काही तपासलं नव्हतं, तपासायची गरजही वाटली नव्हती. शेवंताबाईंचा ना केंद्रावर विश्वास, ना चिठ्ठीवर, ना कौशल्याबाईंवर. जिचा चिठ्ठीवर विश्वास होता तिचं बी गेलं, आणि जिला सगळ्यांचाच संशय तिच्या गाडग्यात ते राहिलं. शेतकऱ्यांपर्यंत शास्त्र नेण्याच्या आमच्या तीस वर्षांच्या कार्याचं यापेक्षा चांगलं मूल्यमापन कुणी केलेलं नाही.

आता ते बी तंतोतंत तेच असेल असं मी म्हणत नाही. तूर मधमाश्यांकरवी शेजारपाजारच्या तुरीशी संबंध ठेवते. एवढ्या वर्षांत त्यात काय काय मिसळलं असेल. तसं मी त्या दोघींना सांगितलं. कौशल्याबाई म्हणाल्या, "मिसळलं तर मिसळलं. जे हाय ते मरतं का, तेवढं बगू."

मृगानंतर त्यांच्या विहिरीकडच्या तुकड्यात, जिथं मर हमखास येतो तिथं, आठ तुकडे पाडले. चार शेवंताबाईंच्या बियाचे, चार दोन नंबरचे. दोन नंबर अजून बाजारात मिळतो. जोडीजोडीनं चिठ्ठ्या काढायच्या, म्हणजे प्रत्येक जोडीतल्या दोघांना माती सारखी मिळेल, एवढं मी सांगितलं. त्यापुढं मला काही करू दिलं नाही. मी खुंट्या उचलायला गेलो तर शेवंताबाई म्हणाल्या, "तुमी बांधावर बसा भाऊ. तोंड रस्त्याकडं करून." मी बसलो. मागं खुंट्या ठोकल्याचा आवाज येत होता, एकेक, नीट. पाट्यांवर फक्त एक ते आठ आकडे. कशाखाली काय आहे त्याचा कागद शेवंताबाईंच्या ट्रंकेत.

परवा मी जाऊन आलो. तूर फुलावर आहे. आठांपैकी तीन तुकड्यांत झाडं माना टाकायला लागली आहेत. परवानगी विचारून एक वाळलेलं झाड उपटलं आणि खोड चिरलं. आत काळी रेघ होती. पाणी नाही, मरच. पण तीन तुकडे कुणाचे, हे मला माहीत नाही. डोळे लगेच कामाला लागले. हे पान जरा गोल दिसतंय, ही फांदी जरा खाली फुटली आहे, हा दोन नंबरच असणार. माझं लाडकं कोणतं हे आता ठरलेलं आहे, म्हणून तर डोळ्यांना असं दिसतंय, हे समजायला मला एवढं आयुष्य लागलं.

मी शेवंताबाईंना विचारलं, फक्त एवढंच सांगा, वाळणाऱ्या तीनांत आपली किती?

कौशल्याबाईंनी शेवंताबाईंकडं पाहिलं. त्यांनाही माहीत असावंसं वाटत होतं आणि नसावंसंही. शेवंताबाई म्हणाल्या, "तूर निघाल्यावर सांगू. तुमी फकस्त मोजा."

मी वही काढली, एक नंबरच्या पाटीपाशी वाकलो आणि मोजायला लागलो.